हीट पंप: कल्पना जुनी, स्वस्ताई अलीकडची

हिवाळ्यात घर गरम आणि उन्हाळ्यात गार ठेवणारं एकच यंत्र, म्हणजे हीट पंप, ही कल्पना एडिसनच्या विजेच्या दिव्याहूनही जुनी आहे. 1852 मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हवेच्या साहाय्याने इमारती गरम किंवा गार करण्यावर निबंध लिहिला. इंधन थेट जाळण्याऐवजी त्यावर यंत्र चालवावं आणि बाहेरची उष्णता आत ओढावी, हा त्यांचा मुद्दा. पुढे ऑस्ट्रियात पीटर फॉन रिटिंगर यांनी हेच तत्त्व मिठागरात वापरलं, पण घरांपर्यंत ते काही आलं नाही. कोळसा स्वस्त होता, मग एवढा खटाटोप कोण करणार?

कोळसा ज्यांना बाहेरून आणावा लागत होता, त्यांनी मात्र तो केला. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या टाउन हॉलमध्ये 1938 साली बसवलेला हीट पंप शेजारच्या लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेई. हात गारठवणाऱ्या त्या पाण्यातही काढून घेण्याजोगी उष्णता असते. थंड गॅस ती शोषून घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तसा गॅस तापतो आणि ती उष्णता इमारतीला मिळते. उष्णता तयार करायची नाही, नुसती हलवायची. त्यामुळे एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळते. टाउन हॉलचं हे यंत्र थेट 2001 पर्यंत चाललं!

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरगुती हीट पंप विकायला आले. गॅसच्या प्रवाहाची दिशा बदलणारा फोर-वे व्हॉल्व्ह त्यात होता, म्हणजे एसी उलटा चालवला की हीटर. पण कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरे, कॉम्प्रेसर बसत, आणि यंत्राचं नाव खराब झालं. 1973 च्या तेलटंचाईने लोकांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. तेल उतरलं तशी बरीच मागणीही उतरली.

माझ्या मते स्वस्ताईचं खरं श्रेय गरम करणाऱ्या यंत्रांच्या धंद्याला नाही, एसीच्या धंद्याला जातं. 1980 च्या दशकात जपानी कंपन्यांनी घरगुती एसीत इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणारा भाग, आणला. कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होण्याऐवजी गरजेपुरत्या वेगाने फिरू लागला, वीज वाचली, थंडीतही काम नीट होऊ लागलं. पुढे असे एसी आशियात कोट्यवधींच्या संख्येने बनू लागले आणि सुटे भाग स्वस्त झाले. आज भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी 'हॉट अँड कोल्ड' असेल, तर तो हीट पंपच आहे.

यंत्रात फिरणाऱ्या गॅसचा इतिहास वेगळाच. ओझोनला घातक गॅस 1987 च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू हटले. त्यांच्या जागी आलेले पृथ्वी तापवणारे निघाले, म्हणून 2016 मध्ये रवांडातल्या किगालीत झालेल्या करारात त्यांच्यावरही कात्री आली. आता युरोपात प्रोपेनवर चालणारी यंत्रं वाढताहेत. प्रोपेन ज्वालाग्राही, त्यामुळे तो बहुधा घराबाहेरच्या युनिटमध्येच बंद ठेवतात.

2022 मध्ये युक्रेन युद्धाने घरं गरम करायला जाळतात त्या नैसर्गिक गॅसचे भाव भडकले आणि युरोपात हीट पंपांवर उड्या पडल्या. 2023 मध्ये गॅस उतरला, विक्रीही घसरली. वीज गॅसच्या तिपटीहून महाग असेल तर तीनपट उष्णतेचा फायदा बिलातच जिरतो, आणि जुन्या घरात खोली तापवणारे रेडिएटर, पाइप, वायरिंग बदलायची मजुरी कधीकधी यंत्राच्या किमतीलाही मागे टाकते.