धातुशोधक : पुरलेल्या वस्तूची ओळख व खोली

जमिनीत दडलेली धातूची वस्तू न खणता हुडकणारे उपकरण. व्यवहारात मेटल डिटेक्टर. धातू कोणता आणि किती खोल, याचे आकडे पडद्यावर ठसठशीत दिसत असले, तरी दोन्ही अंदाजच असतात.

जमिनीलगत फिरवायच्या तबकडीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. प्रेषक वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो; ३ ते ३० किलोहर्ट्झ हा बऱ्याच उपकरणांचा पल्ला. त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पुरलेल्या धातूत आवर्त प्रवाह, म्हणजे भोवऱ्यासारखे गोल फिरणारे विद्युतप्रवाह, उठतात आणि त्यांचे वेगळे क्षेत्र तयार होते. ग्राहक वेटोळे असे बसवतात की प्रेषकाचा थेट परिणाम त्यावर जवळजवळ होऊच नये. म्हणून धातूचा क्षीण संकेतही पकडता येतो. याच समतोलाच्या तत्त्वावर अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधण्याचा प्रयत्न केला. तो फसला, कारण डॉक्टरांनी उजवी बाजूच तपासू दिली आणि गोळी डावीकडे होती.

परतणारा संकेत मूळ प्रवाहाच्या किती मागे पडतो, म्हणजे दोहोंतले कलांतर किती, यावरून ओळख ठरते. जाड आणि उत्तम वाहक वस्तूत ते जास्त, पातळ पत्र्यात कमी. लोखंडाचा चुंबकीय गुण संकेत वेगळ्याच दिशेला ओढतो. त्यामुळे चांदीचा कलदार रुपया वरचा आकडा दाखवतो, तर १९९२ नंतरचा चुंबकाला चिकटणारा पोलादी रुपया बहुधा लोखंडात मोजला जातो. आकड्यात धातूबरोबर आकार आणि जाडीही मिसळलेली असते. सोन्याची नाजूक अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी अनेकदा एकाच आकड्यावर येतात. कडीच्या आकड्याला उपकरण गप्प राहील असे लावले, तर अंगठीही निसटते; यावर खात्रीचा उपाय नाही. खणूनच पाहावे लागते.

खोली काढतात ती संकेताच्या जोरावरून. वेटोळ्याच्या मानाने वस्तू दूर असेल, तर जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने घटते आणि येतानाही तसेच. म्हणून खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. नाणे वीतभर खोल गेले की साधे उपकरण चाचपडू लागते, त्याचे कारण हेच. शिवाय खोलीमापक समोर नाण्याएवढी वस्तू आहे असे धरून चालतो. खोल गेलेले पातेले त्याला उथळ वाटते, वरवरचा मणी खोल. जाणकार तबकडी आडवी-उभी फिरवून वस्तूची जागा पक्की करतात, मग तबकडी हळूहळू उचलतात. ती बरीच वर नेऊनही उपकरणाचा आवाज टिकला, तर खाली मोठे काहीतरी आहे.

खरी डोकेदुखी मातीची. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज असते, कोकणच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी वाळू. दोन्ही स्वतःच संकेत देतात. तबकडी खालीवर करून तो आवाज दबेपर्यंत उपकरण जुळवावे लागते. तरी अशा जमिनीत खोलवरचे चांगले नाणेही लोखंडाकडे झुकलेले दिसते. स्पंद पद्धतीची उपकरणे प्रवाहाचे झटके देऊन, झटका थांबल्यावर संकेत किती मायक्रोसेकंदांत विरतो ते मोजतात. खनिजयुक्त माती आणि खारी ओली वाळू त्यांना कमी अडवते, पण धातूंमधला फरक त्यांना तितकासा कळत नाही.

भारतात दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.