खडीच्या खाणीची वाढ आणि पाच हेक्टरांची रेघ : पार्श्वभूमी

खडीच्या खाणीला वाढ हवी असते तेव्हा अर्जात तीनपैकी एक मागणी असते. शेजारचा गट खाणपट्ट्यात घ्यायचा, किंवा आहे त्याच गटात आणखी खोल जायचे, किंवा क्षेत्र आणि खोली तीच ठेवून वर्षाचा उपसा वाढवायचा. ग्रामसभेत या तिन्हींवर एकच चर्चा होते: धूळ, सुरुंगाचे हादरे, भिंतींना गेलेले तडे, आटलेल्या विहिरी, रस्त्यावरचे डंपर. अर्ज ज्या टेबलावर जातो तिथे मात्र पहिला प्रश्न हेक्टरांचा असतो. हा हेक्टरांचा प्रश्न इतका मोठा कसा झाला, हे समजल्याशिवाय आजच्या वादांतला कोणताही अर्ज नीट वाचता येत नाही.

जुना काळ थोडक्यात उरकता येतो. १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्याने बांधकामाचा दगड, खडी, साधी वाळू, साधी माती यांना गौण खनिज ठरवले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. आपल्याकडे मुंबई प्रांताचे १९५५ चे नियम आधीपासून होते, विदर्भासाठी १९६६ चे वेगळे आले, मराठवाड्याची तऱ्हा आणखी निराळी. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम ४८ या सगळ्यावर छत्रासारखे होते. कारभार पूर्णपणे महसुली होता. जिल्हाधिकाऱ्याने पट्टा द्यायचा, ब्रासवर (म्हणजे शंभर घनफुटांमागे) स्वामित्वधन घ्यायचे, जास्त उपसा सापडला तर दंड लावायचा. डोंगर किती उरला हे विचारणारा रकाना कोणत्याही नमुन्यात नव्हता.

पाच हा आकडा या कहाणीत १९९४ साली शिरला. त्या वर्षी २७ जानेवारीला केंद्राने पर्यावरणीय परिणामांच्या तपासणीची पहिली अधिसूचना काढली. ती पाच हेक्टरांहून मोठ्या आणि तेही प्रमुख खनिजांच्या खाणींनाच लागू होती. कोळसा, लोह, बॉक्साइट आत आणि खडी बाहेर. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने खनिजांमधला हा भेद काढून टाकला. पन्नास हेक्टर किंवा त्याहून मोठी खाण केंद्राकडे, पाच ते पन्नास हेक्टरांची राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे. याच अधिसूचनेतल्या परिच्छेद ७ च्या दुसऱ्या भागात ‘वाढी’ची स्वतंत्र तरतूद आली. मंजुरी मिळालेल्या खाणीचे क्षेत्र किंवा उत्पादनक्षमता वाढवायची असेल तर पुन्हा पूर्वपरवानगी घ्यायची. पाच हेक्टरांच्या खाली मात्र काहीच नव्हते. मग जे व्हायचे तेच झाले. महाराष्ट्रातल्या दगडखाणी मुळात लहान, एकेका गटापुरत्या. त्यांतल्या ज्या मोठ्या होऊ शकत होत्या त्याही कागदावर पाचाच्या आत राहू लागल्या. वाढ हवी असेल तर त्याच पट्ट्याचे क्षेत्र वाढवण्याऐवजी लगतच्या गटावर दुसरा पट्टा काढायचा, भावाच्या किंवा भागीदाराच्या नावाने. यात बेकायदा काही नव्हते, हे नमूद करायला हवे. नियमच तसा होता.

त्याच सुमारास दगडाची मागणीही वाढत होती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या वाळूउपशावर बंदी घातली. ती पुढे उठली, पण नदीची वाळू पुन्हा पूर्वीसारखी सहज आणि स्वस्त मिळाली नाही. बांधकामवाले क्रश सँडकडे वळले, आणि क्रश सँड म्हणजे शेवटी दळलेला काळा पत्थरच. दख्खनच्या पठारावर बेसाल्टला तोटा नाही. पुण्याजवळ वाघोली, नवी मुंबईत पारसिकचा डोंगर, अशा ठिकाणी खाणी आणि क्रशर एकमेकांना खेटून उभे राहिले होतेच. शहर पुढे सरकत त्यांच्या कडेला येऊन पोचले, आणि आधी खाण की आधी इमारत हा वाद सुरू झाला. तो आजही सुटलेला नाही.

२७ फेब्रुवारी २०१२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र ना वाघोलीचा ना पारसिकचा. तो हरियाणातला. पंचकुला, अंबाला, यमुनानगर या जिल्ह्यांत रेती, गोटे आणि बजरीचे लिलाव पाच हेक्टरांच्या आतले तुकडे पाडून काढले होते, त्यांना हे आव्हान होते. तुकडे पाडून तपासणी टाळता येते हे न्यायालयाने मान्य केले आणि सरळ सांगितले की पाच हेक्टरांखालचा पट्टासुद्धा, नवा असो वा नूतनीकरणाचा, पर्यावरणीय मंजुरीशिवाय देऊ नये. न्यायालयासमोर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्याच एका गटाचा मार्च २०१० चा अहवाल होता. पट्टा किमान पाच हेक्टरांचा असावा, मुदत किमान पाच वर्षांची असावी, आणि लहान खाणी असतील तिथे त्यांचा एकत्रित विचार व्हावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. त्या सहा महिन्यांत अमलात आणा, असे राज्यांना सांगितले गेले. महाराष्ट्राचे सध्याचे गौण खनिज नियम २०१३ चे आहेत, त्यामागे हा रेटा आहे.

‘एकत्रित विचार’ म्हणजे काय, यावरून पुढची सारी गुंतागुंत झाली. कार्यालयांत आणि खाणवाल्यांत याला क्लस्टर म्हणतात. १५ जानेवारी २०१६ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. पाच हेक्टरांपर्यंतच्या मंजुऱ्या जिल्ह्यातच, जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालच्या प्राधिकरणाकडे सोपवल्या, आणि क्लस्टरची व्याख्या दिली. एका पट्ट्याच्या हद्दीपासून दुसऱ्याची हद्द पाचशे मीटरच्या आत असेल आणि खनिज एकसारखे असेल तर ते पट्टे एका क्लस्टरमधले. क्लस्टरची बेरीज पंचवीस हेक्टरांच्या खाली राहिली तर जिल्ह्यातच निकाल, सविस्तर परिणाम अहवाल नाही, जनसुनावणी नाही. बेरीज पंचवीसला पोचली की प्रकरण राज्याकडे, अहवालासह आणि जनसुनावणीसह. म्हणजे १९९४ पासूनची पाचाची रेघ जागच्या जागी राहिली आणि तिच्या पुढे पंचविसाची दुसरी रेघ आली.

इथवर गोष्ट समजण्यासारखी आहे. साडेपाच महिन्यांनी, १ जुलै २०१६ ला, जी दुरुस्ती आली तिने मात्र बेरीज करण्याची रीतच बदलली. क्लस्टरचा नियम ९ सप्टेंबर २०१३ रोजी किंवा त्यानंतर दिलेल्या पट्ट्यांनाच लागू, असे तिने सांगितले. तीन वर्षे किंवा जास्त बंद असलेले पट्टे मोजायचे नाहीत. १५ जानेवारी २०१६ ला ज्यांच्याकडे पर्यावरणीय मंजुरी होती तेही मोजायचे नाहीत. अशा पट्ट्यांचा समावेश व्यवस्थापन आराखड्यात करायचा, पण क्षेत्राच्या बेरजेत नाही.

त्या वेळच्या नियमांत याचा अर्थ काय होता, ते एका कल्पित डोंगरावर पाहू. आठ खाणी, प्रत्येकी चार हेक्टर, सगळ्या एकमेकींपासून पाचशे मीटरच्या आत. प्रत्यक्षात फोडला जाणारा डोंगर बत्तीस हेक्टरांचा. यांतल्या तीन खाणींचे पट्टे २०१३ च्या आधीचे असले तर नियमाच्या हिशेबात उरतात वीस हेक्टर. आता एका खाणमालकाने चारावरून पावणेपाच हेक्टरांची वाढ मागितली. बेरीज झाली पावणेएकवीस. जनसुनावणी नाही. खाली राहणाऱ्या वाडीला आठही खाणींचे सुरुंग ऐकू येतात, कागदाला पाचांचेच. उलट दुसऱ्या एखाद्या माळावर तेवढ्याच आठ नव्या खाणी असतील, धूळ तेवढीच असेल, तर तिथल्या पाव हेक्टराच्या वाढीलाही पूर्ण अहवाल आणि सुनावणी लागेल.

सरकारी बाजूचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. ज्यांनी त्या वेळच्या नियमांप्रमाणे पट्टे किंवा मंजुऱ्या घेतल्या त्यांना मागाहून नव्या बेरजेत ओढणे अन्यायाचे ठरेल, असा तो युक्तिवाद होता. लहान खाणमालकाची अडचणही खरी होती. शेजाऱ्याच्या खाणीमुळे आपली एवढीशी खाण एकाएकी मोठ्या प्रकल्पांच्या रांगेत जाते, आणि सल्लागाराची फी, हवा-पाण्याचा अभ्यास, सुनावणीचा खर्च हे सगळे त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. पण जुन्या खाणींना जुन्या कर्तव्यांतून सूट देणे वेगळे, आणि नव्या वाढीचा परिणाम मोजताना त्या खाणी डोंगरावर नाहीतच असे धरणे वेगळे. १ जुलैच्या दुरुस्तीने दुसरी गोष्ट केली.

१३ सप्टेंबर २०१८ ला हरित न्यायाधिकरणाने जिल्हास्तरीय व्यवस्थेवरच बोट ठेवले. जो जिल्हाधिकारी महसुलासाठी पट्टा देतो त्याच्याच अध्यक्षतेखाली पर्यावरणाची तपासणी, हे २०१२ च्या निकालाच्या गाभ्याशी जुळत नाही, असा एकूण सूर होता. पाच ते पंचवीस हेक्टरांसाठी आणि क्लस्टरसाठीही परिणाम अहवाल व जनसुनावणी असावी, आणि लहान पट्टेही राज्यस्तरावर तपासावेत, असे सांगितले गेले. त्याच डिसेंबरात मंत्रालयाने ते अमलात आणण्याचे परिपत्रक काढले. जिल्ह्याजिल्ह्यांतली प्राधिकरणे एका फटक्यात कामाविना झाली आणि राज्यस्तरावर फायलींचा ढीग लागला. जिल्ह्यांतल्या प्राधिकरणांनी मधल्या अडीच-पावणेतीन वर्षांत दिलेल्या मंजुऱ्यांचे काय, हा प्रश्न पुढे २०२३ पर्यंत लोंबकळला. त्या वर्षी २८ एप्रिलला मंत्रालयाने ठरवले की त्या साऱ्यांची राज्यस्तरावर फेरतपासणी व्हावी. त्यामुळे आज वाढ मागणाऱ्या कित्येक खाणींना आधी आपली जुनी मंजुरीच पुन्हा सिद्ध करावी लागते. यात त्या खाणमालकाची चूक शोधून सापडत नाही. त्याने ज्या दारात जायला सांगितले त्याच दारात अर्ज दिला होता.

हेक्टरांच्या या भांडणात खोली कायम मागे राहिली. दगडाची खाण पसरते त्याहून जास्त खाली जाते. पाच हेक्टरांत दहा मीटर आणि पाच हेक्टरांत तीस मीटर, दोन्हींचा नकाशावरचा चौकोन तोच. विहिरींवरचा परिणाम मात्र खोलीशी बांधलेला असतो. बेसाल्टमधले पाणी भेगांतून आणि थरांमधल्या सांध्यांतून चालते, आणि खाणीचा तळ त्या पातळीच्या खाली गेला की आजूबाजूचे पाणी खाणीत उतरते. खोली खाण आराखड्यात लिहिलेली असते, पण कोणत्या टेबलावर जायचे ते ती ठरवत नाही.

खोली आणि उपसा यांची खरी मोजणी सुरू झाली ती ईटीएस ही इलेक्ट्रॉनिक मोजणीची यंत्रे आल्यावर. वाहतुकीच्या पासांवर दाखवलेले ब्रास आणि खड्ड्यातून प्रत्यक्ष गेलेले ब्रास यांतली तफावत आकड्यात दिसू लागली. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लागू शकतो. शिवाय २ ऑगस्ट २०१७ ला, ओडिशातल्या लोह आणि मँगनीजच्या खाणींच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मंजुरीतल्या मर्यादेबाहेर काढलेले खनिजही बेकायदाच आणि त्याची पूर्ण किंमत वसूल होते. त्यानंतर वाढीच्या अर्जांचा रंग बदलला. अनेक अर्ज पुढे काय करायचे यापेक्षा आधी काय होऊन गेले ते कागदावर आणण्यासाठी येऊ लागले. १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने असे उल्लंघन करणाऱ्यांना मागाहून मंजुरी मागण्यासाठी सहा महिन्यांची खिडकी दिली होती, २०२१ मध्ये कार्यपद्धतीच्या नावाने ती पुन्हा उघडली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही गोष्टी रद्द केल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन विरुद्ध एक मताने तोच निकाल मागे घेतला. इतक्या थोड्या काळात पलटलेल्या नियमावर गावकऱ्याने हरकत कशी बेतायची आणि खाणमालकाने गुंतवणूक कशी करायची, हे विचारण्यासारखे आहे.

पश्चिम घाटाच्या पट्ट्यात हिशेब वेगळा. नोव्हेंबर २०१३ च्या केंद्राच्या निर्देशांनी तिथल्या संवेदनशील क्षेत्रात नव्या आणि वाढीव दगडखाणींना बंदी आहे. पण अंतिम अधिसूचना मसुद्यांवर मसुदे निघूनही आलेली नाही. जुलै २०२४ च्या सहाव्या मसुद्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे.

२०२५ च्या मे महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. दगडावर ब्रासला ६०० रुपये असलेले स्वामित्वधन कृत्रिम वाळूसाठी २०० रुपयांवर आणले. नद्या वाचाव्यात हा हेतू चांगलाच आहे. पण ती वाळू डोंगरातूनच येणार, आणि क्रशरची क्षमता वाढली की त्याला दगड पुरवणाऱ्या खाणीच्या वाढीचा अर्ज मागोमाग येतो. सवलत स्वामित्वधनात आहे, पर्यावरणीय मंजुरीत नाही, एवढे लक्षात ठेवायचे.

अशा अर्जाला एक प्रमाणपत्र जोडलेले असते. पाचशे मीटरच्या परिघात कोणकोणते खाणपट्टे आहेत, त्यांचे क्षेत्र किती, आणि ते कोणत्या तारखेला मंजूर झाले, हे त्यात असते. जनसुनावणी लागली तर तिची सूचना किमान तीस दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा मराठीत मिळतो, बहुतेकदा वाचताना डोके धरायला लावणाऱ्या मराठीत. सुनावणी लागणार की नाही, हे मात्र त्या प्रमाणपत्रातल्या तारखांवर आधीच ठरून गेलेले असते. हरकत घ्यायची असेल तर पहिल्यांदा तोच कागद मागून घ्यावा.