एकच थाइम, सहा तेलं

‘ही वनस्पती तर ढिगाने उगवते, मग तिच्या जतनाची काळजी कशाला?’ असं कुणी म्हणालं की मला थाइम आठवतं. पुदिना आणि तुळशीच्या कुळातलं हे बुटकं झुडूप दक्षिण फ्रान्सच्या माळांवर मुबलक आहे. पण तिथल्या दोन झुडपांची पानं चुरगाळली तर एकाला ओव्याचा वास येईल, दुसऱ्याला गुलाबाचा. जात एकच, थायमस व्हल्गॅरिस. तेलातलं मुख्य रसायन मात्र सहांपैकी कुठलंही: जेरॅनिऑल, अल्फा-टर्पिनिऑल, थुजॅनॉल, लिनॅलूल, कार्व्हॅक्रॉल किंवा थायमॉल. (बाटलीवर ‘शंभर टक्के शुद्ध थाइम तेल’ छापणाऱ्यांना विचारावं, यातलं कुठलं? थायमॉलचं त्वचेला झोंबतं, लिनॅलूलचं बरंच सौम्य असतं.)

हे ठरतं जनुकांच्या उतरंडीवर. खालच्या मडक्यातलं काढायचं तर आधी वरची उतरवावी लागतात, तसंच इथे. सर्वांत वरच्या जनुकाचं प्रभावी रूप एका पालकाकडून जरी मिळालं, तरी झुडूप गुलाबाच्या वासाचं जेरॅनिऑल बनवतं. खालच्या जनुकांना कुणी विचारत नाही. ते दोन्हीकडून अप्रभावी आलं, तरच दुसऱ्याची पाळी, म्हणजे टर्पिनिऑल. असं करत पाचही जनुकं अप्रभावी निघाली की तळाशी उरतो ओव्याच्या वासाचा थायमॉल. मेंडेलच्या वाटाण्यात जनुकाचं एक रूप त्याच जनुकाच्या दुसऱ्या रूपाला झाकतं; इथे एक जनुक भलत्याच जनुकाला झाकतं. याला एपिस्टॅसिस म्हणतात.

म्हणूनच गुलाबी वासाच्या दोन झुडपांपोटी ओव्याच्या वासाचं रोप जन्मू शकतं. उलटं होत नाही, कारण थायमॉलवाल्यांपाशी झाकलेलं काही नसतंच. जंतुनाशक म्हणून मागणी थायमॉलला, तेव्हा तेवढीच झुडपं राखली, तर लाखो झुडपं असूनही बाकीची पाच तेलं गेली.

गेली तर बिघडलं काय? दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहराजवळच्या सँ-मार्तँ-द-लाँद्र खोऱ्यात हिवाळ्यात थंड हवा तळाशी साचते. तिथल्या गोठवणाऱ्या थंडीत थायमॉल-कार्व्हॅक्रॉलवाली झुडपं मरत आणि बाकीची तगत. वरचे कोरडे उतार मात्र थायमॉल-कार्व्हॅक्रॉलवाल्यांचे, कारण उन्हाळ्यातला कोरडेपणा त्यांना जास्त सोसतो. १९७० च्या दशकात या वाटणीच्या नोंदी झाल्या होत्या. पुढे हिवाळे सौम्य झाले, आणि पूर्वी जिथे थायमॉल-कार्व्हॅक्रॉलवाली झुडपं नव्हती तिथेही ती आल्याचं २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. उद्या थंडी परतली तर तळातल्या जुन्या रहिवाशांचीच जनुकं लागतील. तेव्हा बीजपेढीसाठी एकाच उतारावरून पोतंभर बी आणून भागणार नाही. खोऱ्याच्या तळातलं मूठभर तरी हवंच.