सरदाराची पूर्वपीठिका (युद्धखेळ)

ऐतिहासिक युद्धखेळात टेबलावर किंवा नकाशावर पथक चालवणारा सरदार कोण, कुठला, कोणाचा सोयरा, कोणाचा वैरी आणि आजवर कोणाचे मीठ खाल्लेला, याची खेळाआधी करून ठेवलेली नोंद म्हणजे पूर्वपीठिका. परक्या शत्रूशी झालेल्या लढाईच्या खेळात ती नसली तरी अडत नाही, कारण सरदार कोणाकडून लढणार हे ठरलेलेच असते. यादवीत नेमके तेच ठरलेले नसते. म्हणून यादवीतल्या सरदाराची पूर्वपीठिका शौर्याची यादी नसावी. तो कोणत्या घडीला हुकूम मोडेल आणि कोणत्या बोलीवर बाजू बदलेल, हे तिच्यातून कळले पाहिजे.

मराठी खेळाडूंसाठी याबाबत सर्वांत समृद्ध काळ १७०७ ते १७३१ हा. मार्च १७०७ मध्ये औरंगजेब वारला आणि मे महिन्यात शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेकडे निघाले. मुलगा शिवाजी याच्या नावे राज्य चालवणाऱ्या ताराबाईंनी हा शाहू तोतया असल्याचे सांगितले आणि सरदारांकडून दूधभाताच्या शपथा घेतल्या. ऑक्टोबरात भीमेकाठी खेडला दोन्ही फौजांची गाठ पडली, तेव्हा ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले आणि ताराबाईंच्या बाजूने लढणाऱ्या परशुरामपंत प्रतिनिधींना साताऱ्याकडे हटावे लागले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना राज्याभिषेक झाला, तरी वाद मिटायला १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला. खेडचा निकाल तलवारीपेक्षा धनाजींच्या निर्णयाने लागला. ज्या खेळात धनाजींना तो निर्णय घेताच येत नाही, तो कितीही सुबक मांडला तरी खेडचा खेळ नव्हे.

सोलापूरकडच्या मुलखात मोहीम मांडली की आणखी एक पदर येतो. सोलापूरचा भुईकोट १६६८ पासून मोगलांकडे होता. मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीचे नाव इस्लामपुरी करून औरंगजेबाने १६९५ ते १६९९ या काळात भीमेकाठी मुख्य छावणी ठेवली. ऑक्टोबर १७०० मध्ये सांगोल्याच्या बाजूला खवासपूर इथे माण नदीच्या पुराने बादशाही तळाची दाणादाण उडवली; त्या धांदलीत बादशहाचा गुडघा कायमचा अधू झाला. १७०७ साली तिशीत असलेल्या इथल्या कोणत्याही सरदाराचे तारुण्य या छावणीच्या सावलीत गेलेले असणार. तो तिला दाणावैरण पुरवत होता, तिच्यावर छापे घालत होता, की आळीपाळीने दोन्ही करत होता? भीमेकाठच्या सरदाराची नोंद या प्रश्नापासून सुरू करावी. शिवाय पुढे करमाळ्याला नांदलेले रावरंभा निंबाळकर मोगलांकडे आणि नंतर निजामाकडे राहिले. त्यामुळे या मुलखात दोन रंगांच्या सोंगट्या पुरत नाहीत, तिसरा रंग लागतोच.

लिहिताना आधी वय पक्के करावे. मग रायगड पडला तेव्हा (१६८९), राजाराम महाराज वारले तेव्हा (१७००), शाहू सुटले तेव्हा आणि खेडच्या दिवशी सरदार कुठे होता, हे एकेका ओळीत लिहावे. चारही ओळींत एकच धनी आला तर सरदार निष्ठावंत. तीन धनी आले तरी तो बेइमान ठरत नाही, कारण त्या अठरा वर्षांत तसे होणे नेहमीचे होते.

यानंतर वतन. पूर्वपीठिकेचा कणा तोच. जिंजीच्या धामधुमीत राजाराम महाराजांच्या दरबारातून वतनांचे कागद दिले जात होते, मोगलही सनदा देत होते, आणि एकाच देशमुखीवर दोन भाऊबंद दोन दरबारांचे कागद घेऊन उभे राहत. सरदाराच्या कार्डावर वतनाचे गाव, कागद कोणाचा आणि समोरचा दावेदार कोण, एवढे असले की अर्धे काम झाले. समोरचा दावेदार शाहूंकडे गेला की आपला सरदार ताराबाईंकडे का सरकला, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वैर सोयरिकीतून येते, हे विसरू नये. संताजी घोरपड्यांनी अमृतराव निंबाळकरांना हत्तीच्या पायी दिले. अमृतरावांची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्यांच्या घरी होती, आणि १६९७ मध्ये संताजींचा घात मान्यांकडून झाला. कार्डावर ‘शूर, तापट’ असे लिहिण्यापेक्षा ‘मेव्हण्याचा सूड बाकी’ असे लिहिलेले टेबलावर कितीतरी जास्त उपयोगी पडते.

पथकाचा आकार पदावरून काढताना गफलत होते. शिवकाळात हवालदाराकडे २५ घोडेस्वार, जुमलेदाराकडे १२५ आणि हजारीकडे १,२५० अशी रचना होती. १७०७ पर्यंत सरंजामी पथके वाढली होती, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे वापरू नयेत. बारगीर आणि शिलेदार मात्र वेगळे मोजावेत. एक सोंगटी २५ घोड्यांची धरली तर ३०० स्वारांच्या पथकाला १२ सोंगट्या. त्यांतल्या ८ बारगिरांच्या आणि ४ शिलेदारांच्या ठेवता येतील. सरदाराने बाजू बदलली की त्याच्या पागेतले बारगीर त्याच्याबरोबर जातात, कारण घोडा त्याचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो, म्हणून त्याच्या प्रत्येक सोंगटीसाठी वेगळे फासे टाकावेत.

निष्ठेची परीक्षा दोन फाशांवर घ्यावी. बेरीज ८ किंवा जास्त आली तर सरदार हुकूम पाळतो. ही शक्यता ३६ पैकी १५, म्हणजे सुमारे ४२ टक्के. पूर्वपीठिकेतून एकाची भर मिळाली तर ती ५८ टक्के होते, दोनांची मिळाली तर ७२ आणि तिनांची मिळाली तर ८३. म्हणून एका कार्डावर एकच भर आणि एकच वजावट ठेवावी. लाडक्या सरदाराला तीन-तीन भरी देण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि मग तो सरदार लाकडाचा होतो. परीक्षाही दर चालीला नको. वतनाला धोका, धन्याचा पराभव, समोर सोयरा येणे आणि शत्रूकडून बोली येणे, एवढ्या चारच प्रसंगी घ्यावी.

नमुन्यादाखल भीमेकाठच्या एका देशमुखाचे कार्ड असे होईल: वय ३४, बाप छावणीला वैरण पुरवी, धाकटा चुलता मोगली सनदेवर अर्धी देशमुखी मागतो, १७०१ पासून धनाजींच्या फौजेत, दूधभाताची शपथ घेतलेली, ३०० स्वार. भर: धनाजी जिकडे, तिकडे जाताना एक. वजावट: प्रतिनिधींचा हुकूम असेल तर एक. बोली: संपूर्ण देशमुखीचा कागद. माण-भीमेचे उतार ठाऊक असल्याने नदी ओलांडताना त्याची चाल वाया जात नाही. एवढे ३ बाय ५ इंचांच्या कार्डावर बसते. बसत नसेल तर मजकूर जास्त झाला.

बोली कार्डाच्या मागे लिहावी आणि तिची नक्कल फक्त पंचाकडे ठेवावी. ती उघडी पडली की समोरचा खेळाडू पहिल्याच चालीत सगळे सरदार विकत घेतो. पंधरा सरदारांपैकी चार-पाचांचीच कार्डे पूर्ण लिहावीत, बाकीच्यांना वतन आणि वैर या दोन ओळी पुरतात. सगळ्यांचे चरित्र लिहायला बसणाऱ्यांची मोहीम बहुधा सुरूच होत नाही.

नवख्यांच्या कार्डांत काळाच्या चुका हमखास सापडतात. मल्हारराव होळकर १७०७ साली चौदा वर्षांचे होते आणि बाजीराव सात. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद १७१३ मध्ये मिळाले. त्याआधी पेशव्याचा हुकूम म्हणून सरदार निमूट हलत असेल तर मोहिमेचा तोल जातो.

सरदार पडला की कार्ड फाडू नये, वारसाला द्यावे. वतन, वैर आणि पथक तसेच राहते. भर-वजावट नव्याने लिहायची. धनाजी १७०८ मध्ये वारले, सेनापतिपद त्यांचे पुत्र चंद्रसेन यांना मिळाले, आणि १७११ मध्ये बाळाजी विश्वनाथांशी बिनसल्यावर तेच चंद्रसेन ताराबाईंकडे गेले. वारस लहान असला तरी नोंद ठेवावी. शाहू दक्षिणेत येत असताना पारदच्या लोखंडे पाटलांनी वाट अडवली आणि ते मारले गेले. त्यांच्या विधवेने तान्हा मुलगा शाहूंच्या पायांवर घातला. शाहूंनी त्याला वाढवले, त्याचे नाव फत्तेसिंह ठेवले, आणि अक्कलकोटचे भोसले घराणे त्याच्यापासून सुरू झाले.