पदवीनंतर एलएल.बी.: तीन वर्षांची की पाच वर्षांची?

पदवी झाल्यावर कायद्याकडे वळायचं ठरलं की सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं तीन वर्षांच्या एलएल.बी.ला किंमत नाही, कोणी म्हणतं पाच वर्षांची फक्त बारावीवाल्यांसाठी असते. दोन्ही चूक आहे. आणि अशा ऐकीव गोष्टींवर विसंबून माणसाची दोन वर्षं आणि घरच्यांची दोन वर्षांची फी जाते, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी शेवटचा टप्पा पाहू. वकिलीची सनद १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली राज्याची बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची नियामक संस्था, देते. तीन वर्षांवाल्याची सनद वेगळी आणि पाच वर्षांवाल्याची वेगळी असं काही नाही. ऑल इंडिया बार परीक्षा दोघांनाही द्यावी लागते, आणि तिथे पेपर एकच असतो. एलएल.एम.ला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, दोघंही बसू शकतात. कोर्टात उभं राहिल्यावर तर हा प्रश्न कुणी विचारतही नाही.

मग फरक कुठे? बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांत दोन वाटा आहेत. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एलएल.बी. ही एक. बारावीनंतर पाच वर्षांत दोन पदव्या देणारी, म्हणजे बी.ए. एलएल.बी., बी.बी.ए. एलएल.बी. वगैरे, ही दुसरी. बारावी पास असलेला कोणीही दुसरीकडे जाऊ शकतो. पदवीधर बहुतेक वेळा बारावी पास असतोच, त्यामुळे त्यालाही दार बंद नाही. वयाचाही अडसर राहिलेला नाही. नियमांत पाच वर्षांसाठी २० आणि तीन वर्षांसाठी ३० अशी मर्यादा होती, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली. आज क्लॅटला (राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामाईक प्रवेशपरीक्षा) किंवा राज्याच्या सीईटीला वयाची वरची अट नाही.

फार लोकांना माहीत नसलेली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. याच नियमावलीतला १३ वा नियम सांगतो की पदवी झाली आहे या कारणावरून पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मधूनच प्रवेश मिळणार नाही. "माझं बी.ए. झालंय, मला थेट तिसऱ्या वर्षाला घ्या" हे कुठल्याच कॉलेजला करता येत नाही. समजा एक मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाली आहे आणि आता बी.ए. एलएल.बी.ला बसली आहे. तिला पहिल्या वर्षापासून सगळं करावं लागेल. मागणी आणि पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, राज्यशास्त्राची तत्त्वं, समाजशास्त्राची ओळख, हे पेपर अठरा वर्षांच्या मुलांबरोबर पुन्हा लिहायचे, अंतर्गत मूल्यमापनाचे प्रोजेक्ट पुन्हा करायचे, आणि शेवटी हातात काय, तर आणखी एक बी.ए. तीच मुलगी तीन वर्षांच्या कोर्सला गेली असती तर पहिल्या सत्रापासून करार कायदा, अपकृत्य, संविधान असे थेट कायद्याचे विषय समोर आले असते. तिचं बी.ए. जमेस धरणारी वाट तीच आहे. पाच वर्षांची वाट ते गृहीतच धरत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पदवीधराने डोळे झाकून पाच वर्षांचा अर्ज भरू नये. पण अपवाद खरे आहेत, आणि ते समजून घेतले पाहिजेत.

पहिला अपवाद राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा. मोठ्या लॉ फर्म कॅम्पसवर नोकरभरतीला येतात ती बहुतेक याच विद्यापीठांत, आणि तिथले पदवीचे वर्ग मुख्यतः पाच वर्षांचे आहेत. कॉर्पोरेट फर्मचंच ध्येय असेल आणि क्लॅटमध्ये चांगला क्रमांक येण्याची तयारी असेल, तर दोन वर्षं जास्त घालवण्यात अर्थ असू शकतो. इथेच आणखी एक गोंधळ होतो. क्लॅटच्या दोन परीक्षा असतात, यूजी (पदवी) आणि पीजी (पदव्युत्तर). नाव वाचून पदवीधर पीजीकडे वळतात. पण क्लॅट पीजी ही एलएल.एम.साठी आहे आणि तिला आधी कायद्याची पदवी लागते. तुमच्या बी.कॉम.चा तिथे उपयोग नाही. पदवीधराला क्लॅटमधून पाच वर्षांची जागा हवी असेल तर यूजीच द्यावी लागते.

या अपवादाची धारही अलीकडे थोडी बोथट झाली आहे. बंगळूरुच्या नॅशनल लॉ स्कूलने २०२२ पासून तीन वर्षांची एलएल.बी. ऑनर्स सुरू केली, तिची प्रवेशपरीक्षा एनएलसॅट वेगळी असते. दिल्ली विद्यापीठाची विधी विद्याशाखा तर कित्येक पिढ्यांपासून तीन वर्षांच्या एलएल.बी.साठीच ओळखली जाते. तिथला आणि बनारस हिंदू विद्यापीठाचा प्रवेश आता सीयूईटी पीजीवर, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामाईक पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेवर, होतो. म्हणजे इथे मात्र पीजी हाच तुमचा रस्ता! अभियंत्यांसाठी आयआयटी खरगपूरच्या बौद्धिक संपदा कायद्याच्या स्कूलमध्येही तीन वर्षांची एलएल.बी. आहे.

महाराष्ट्रात राज्य सीईटी कक्ष दोन स्वतंत्र परीक्षा घेतो, तीन वर्षांची वेगळी आणि पाच वर्षांची वेगळी. अर्ज वेगळा, गुणवत्ता यादी वेगळी. एकीचे गुण दुसरीला चालत नाहीत. कायदेविषयक कल, सामान्य ज्ञान, तर्क आणि इंग्रजी दोन्हींत आहे. पाच वर्षांच्या परीक्षेत थोडं गणितही येतं. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयासारख्या ठिकाणी दोन्ही कोर्स एकाच इमारतीत चालतात, त्यामुळे अर्ज भरताना कोर्सचं नाव नीट वाचून मगच पुढे जा.

दुसरा अपवाद गुणांचा, आणि तो कुणी फारसा सांगत नाही. किमान गुणांची अट दोन्हीकडे सारखीच आहे: खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, ओबीसींना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पण तीन वर्षांसाठी ते पदवीचे पाहतात आणि पाच वर्षांसाठी बारावीचे. एखाद्याला बारावीला ६५ टक्के आणि अभियांत्रिकी रखडत रखडत ४३ टक्क्यांनी पूर्ण झाली असेल, तर खुल्या प्रवर्गात तीन वर्षांची वाट त्याच्यासाठी बंद आणि पाच वर्षांची उघडी, असं उलटं चित्र होतं. अशा विद्यार्थ्याने पाच वर्षं निवडली तर त्यात कमीपणा काहीच नाही. आणि ४४.७ चे ४५ धरतील या भरवशावर प्रवेशाची फी भरू नका.

आधीची पदवी वाया जाते असं मात्र कुणी म्हणू नये. वाणिज्यवाल्याला कर आणि कंपनी कायदा लवकर कळतो. पेटंट एजंट व्हायला तर विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवीच लागते, नुसत्या बी.ए. एलएल.बी.ने तिथे भागत नाही. बी.एस्सी. किंवा बी.ई. करून तीन वर्षांची एलएल.बी. केलेला माणूस इथे सरळ पुढे असतो.

नोकरी सांभाळून तीन वर्षांची एलएल.बी. होते का, हे फार जण विचारतात. कोर्स पूर्ण वेळेचा आहे. नियमांत विषयवार ७० टक्के हजेरी आहे, आणि घरबसल्या केलेल्या एलएल.बी.वर सनद मिळत नाही. सकाळच्या वर्गांना जाऊन दुपारनंतर काम करणारे आहेत, पण वर्गाला न जाता चालेल असं सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. शिवाय पूर्ण वेळ पगारी नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही, हे आधीच धरून चला.

शेवटी मुक्त विद्यापीठाच्या पदवीबद्दल, कारण यात खेड्यापाड्यांतली आणि नोकरी करत शिकलेली माणसं अडकतात आणि त्यांना आधी कुणी सांगत नाही. दहावी, बारावी रीतसर करून मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं असेल तर तीन वर्षांच्या एलएल.बी.ला अडचण नाही. पण बारावी न करता, पूर्वतयारी अभ्यासक्रमाच्या जोरावर थेट पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांनुसार ती पदवी एलएल.बी.च्या प्रवेशाला चालत नाही, आणि पाच वर्षांच्या कोर्सला बारावीच हवी. तुमची पदवी अशी असेल तर सीईटीचा अर्ज भरण्याआधी बारावीचा १७ नंबरचा फॉर्म भरायची तयारी करा आणि विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडून पुढच्या क्रमाबद्दल लेखी उत्तर घ्या.