एमसीबी आहे, मग कूलरचा शॉक कसा लागेल?

"एमसीबी बसवला नं बाप्पा, आता कायचा शॉक?" एप्रिलात कूलर बाहेर निघाले की वऱ्हाडातल्या गावागावांत हे ऐकू येतं. समज जुना आहे आणि चुकीचा आहे.

एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायर वाचवतो, माणूस नाही. ओल्या हातांनी अनवाणी उभ्या माणसाचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण १००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्या अंगातून ०.२३ अँपियर जाईल. ६ अँपियरच्या एमसीबीच्या लेखी हा पन्नासेक वॅटच्या बल्बचा भार. तो कशाला पडेल? हृदयाला मात्र याच्या निम्म्याहून कमी प्रवाहही घातक ठरू शकतो.

"पण आमची अर्थिंग आहे." असेल, पण मे महिन्यात काळी माती भेगाळते, कोरडी पडते आणि तिचा रोध वाढतो. तो २० ओहम झाला, तर कूलरच्या पत्र्यात करंट उतरल्यावरही जमिनीत जेमतेम ११.५ अँपियर जातील. तेवढ्यावर एमसीबी लगेच पडत नाही. तोवर पत्रा जिवंतच.

हे काम ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंटची गळती पकडणाऱ्या स्विचचं. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह जुळला नाही, की तो क्षणार्धात लाइन तोडतो. अर्थिंग तरीही हवीच. आरसीसीबीचं 'टी' बटण अधूनमधून दाबून बघा.

आणि हो, कूलरच्या पंपावरचा आयएसआय शिक्का पंपापुरताच. गावात पत्रा वाकवून केलेला अख्खा कूलर त्यानं तपासलेला ठरत नाही. पाणी भरताना आधी पिन काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.