पार्श्वभूमी : दहा हजार पावलं, एक खिसा आणि फोनमधलं आरोग्य

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या बोलण्यात गेल्या दहा-बारा वर्षांत एक बदल झाला आहे. पूर्वी ‘तीन फेऱ्या झाल्या’ किंवा ‘पाऊण तास चाललो’ असं सांगत. आता ‘साडेसात झाले’ म्हणतात, आणि ते हजार आहेत हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. यांतल्या फारशा कुणी फोन आरोग्यासाठी घेतला नव्हता. मुलाने जुना दिला, नाहीतर दिवाळीच्या ऑफरमध्ये आणला. पावलं, नाडी, झोप, स्क्रीनचे तास ही मोजदाद त्यात आयती आली. तिच्यातल्या प्रत्येक आकड्याची जन्मकथा वेगळी आहे. ती माहीत असली की कुठला आकडा मनावर घ्यायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे घरच्या घरी ठरवता येतं.

शरीर मोजून पाहणं बडोद्याला नवं नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न माणिकराव यांच्या आखाड्याचं नाव दूरवर गेलं होतं. आखाड्यात जोर-बैठकांची गणती तोंडाने व्हायची आणि जोर नीट उतरला की नाही, हे वस्तादाची नजर ठरवायची. याच माणिकरावांकडे शिकलेले, जवळच्या डभोईत जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले गेले. १९२०-२१च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत, काही विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन, उड्डियान बंध आणि नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात नेमकं काय घडतं ते तपासलं. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही त्यांची योगसंस्था उभी राहिली ते याच वाटेवर. योगाने बरं वाटतं एवढ्यावर न थांबता ‘मोजून दाखवा’ म्हणणारा माणूस या गावात शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला, हे बागेत पावलं मोजणाऱ्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असेल.

दहा हजारांचा आकडा मात्र आखाड्यातला नाही, आणि तो वैद्यकीय संशोधनातून निघाला असंही म्हणता येत नाही. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक झालं, जपानमध्ये व्यायामाचं वारं आलं आणि १९६५मध्ये यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचं, पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. नाव ठेवलं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. गोल आकडा, लक्षात राहणारा, विकायला सोपा. पुढे जगाने तो तसाच उचलला आणि फोनमध्येही तो ‘रोजचं लक्ष्य’ म्हणून येऊन बसला.

त्याची कसून तपासणी व्हायला अर्धं शतक गेलं. २०१९ साली हार्वर्डच्या आय-मिन ली यांच्या गटाने सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १६,७०० अमेरिकी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं आणि साधारण ७,५००च्या पुढे फायदा वाढेनासा झाला. २०२५मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही ७,०००च्या आसपास येऊन थांबला. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे असे अभ्यास वाचताना जरा हात राखूनच वाचावेत. पण बडोद्याच्या वाडी भागातल्या एखाद्या आजींनी चार हजारांवर फोन हिरवा होत नाही म्हणून खट्टू व्हावं, याला आधार नाही एवढं नक्की. गूगलने तर २०१८ सालीच आपल्या फिट ॲपमध्ये पावलांपेक्षा धाप लागेल अशा चालण्याला जास्त गुण द्यायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटना सांगते ती आठवड्याला १५० मिनिटं त्यामागे होती. आपल्याकडे हे गुण कुणी बघत नाही. सगळ्यांचा डोळा पावलांवर.

आता फोनला पावलं कळतात कशी? त्याच्या आत सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हालचाल झाली की तो किंचित सरकतो आणि त्या सरकण्याचा विद्युत संकेत तयार होतो. ही चीज १९९०च्या दशकात मोठ्या प्रमाणावर बनू लागली ती गाड्यांच्या एअरबॅगसाठी. धडक कळावी म्हणून. २००६च्या नोकिया ५५०० या फोनमध्ये तिच्यावर पावलं मोजण्याची सोय होती. २००७च्या पहिल्या आयफोनमध्ये तीच चीज आली, पण फोन आडवा केला की पडदाही आडवा व्हावा यासाठी. दिवसभर पावलं मोजत बसलं तर बॅटरी उतरायची, हा अडसर २०१३ साली दूर झाला. आयफोन ५एसमध्ये या कामासाठी वेगळी चिप आली आणि त्याच वर्षी अँड्रॉइड ४.४मध्येही कमी बॅटरीत पावलं मोजण्याची सोय झाली. पुढच्याच वर्षी ॲपलचं हेल्थ आणि गूगलचं फिट आलं. सॅमसंगचं एस हेल्थ २०१२पासूनच होतं. धडक ओळखायला बनवलेलं यंत्र अशा रीतीने सकाळच्या फिरण्याचा हिशेबनीस झालं.

या यंत्राला माणूस कळत नाही. त्याला कळतं ते फोनचं हलणं. २०१५ साली अमेरिकेत १४ जणांना ट्रेडमिलवर चालवून फोनची मोजणी पडताळली, तेव्हा ती खऱ्या पावलांच्या सहा-सात टक्क्यांच्या आतबाहेर निघाली. उत्तमच म्हणायचं. पण त्या चाचणीत फोन ठेवले होते पँटच्या खिशात, आणि सगळी गोम या खिशात आहे.

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या कुठल्याही घरात बघा. काकांचा फोन सकाळपासून सदऱ्याच्या किंवा पँटच्या खिशात. दूध आणायला जातो, रावपुऱ्यात बँकेत जातो, जिना चढतो, उतरतो. काकूंचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला. त्या ओट्यापासून देवघरापर्यंत, देवघरापासून गच्चीवरच्या कपड्यांपर्यंत, तिथून खालच्या कचऱ्याच्या गाडीपर्यंत असंख्य वेळा जातात-येतात, आणि फोनच्या लेखी त्यांचा दिवस उजाडतो तो संध्याकाळी पर्स खांद्याला लावून मंगळबाजारात निघाल्यावर. रात्री जेवताना काका विचारतात, ‘तुझे किती झाले?’ आणि काकू दोन हजार सांगतात. यावर घरात काय बोलणं होतं ते लिहायची गरज नाही.

हे मोठ्या अभ्यासातही झिरपतं. २०१७ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १११ देशांतल्या सात लाखांहून अधिक लोकांच्या फोनमधली पावलं तपासली. जगाची सरासरी निघाली दिवसाला ४,९६१, भारताची ४,२९७. त्यात भारतीय पुरुषांची ४,६०६ आणि बायकांची ३,६८४. भारतीय बायका कमी चालतात, असा त्याचा अर्थ वर्तमानपत्रांनी लावला. अंधारात एकटीने फिरण्याची अडचण, बागेत जाण्यासाठी मिळणारा वेळ, ही कारणं खरीच आहेत. तरी त्या नऊशे पावलांच्या फरकातली किती फ्रिजवर राहिली असतील, हा प्रश्न उरतो. साडीला आणि बहुतेक पंजाबी ड्रेसना खिसा नसतो. उलटी गंमत नवरात्रात दिसते. चनियाचोळीच्या कमरेला बटवा बांधून त्यात फोन ठेवला, तर बडोद्याच्या गरब्यात सबंध महिन्याची कसर नऊ रात्रींत भरून निघते.

ही साधनं घडवताना डोळ्यांपुढे कुणाचं शरीर होतं, याचा आणखी एक पुरावा आहे. ॲपलचं हेल्थ २०१४मध्ये आलं तेव्हा त्यात रक्तातल्या साखरेपासून क्रोमियमसारख्या सूक्ष्म पोषकद्रव्यापर्यंत नोंदींची सोय होती. मासिक पाळीची नव्हती. टीका झाली आणि ती २०१५मध्ये आली. आज ती नोंद फोनमधल्या सर्वांत उपयोगी सोयींपैकी आहे. डॉक्टरीणबाई ‘शेवटची तारीख?’ विचारतात तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयावरची खूण आठवावी लागत नाही.

नाडी मोजण्याची कूळकथा जुनी आहे. बोटावर प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारावरून रक्ताची लाट ओळखता येते, हे आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकात दाखवलं. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली त्यात भर घातली. लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) असे दोन प्रकाश वापरले तर रक्तातला ऑक्सिजनही कळतो. सॅमसंगने २०१४च्या गॅलक्सी एस५मध्ये कॅमेऱ्याखाली नाडीचा सेन्सर दिला आणि २०२०च्या एस२०मधून तो काढून टाकला. त्यानंतर काही आठवड्यांतच कोविड आला आणि घरोघरी ऑक्सिमीटरची शोधाशोध सुरू झाली. आओयागी यांचं निधनही त्याच वर्षीच्या एप्रिलमधलं. कॅमेऱ्यावर बोट ठेवून नाडी बऱ्यापैकी कळते. पण साध्या कॅमेऱ्यावर ऑक्सिजन सांगणारं ॲप दिसलं तर ते काढून टाकावं. आओयागींच्या दोन प्रकाशांतला एक तिथे नसतोच.

स्क्रीनचे तास दाखवणारी सोय आरोग्याच्या कळवळ्यातून आली असं समजायचं कारण नाही. जानेवारी २०१८मध्ये ॲपलच्या दोन मोठ्या गुंतवणूकदारांनी मुलांच्या फोनवेडाबद्दल कंपनीला जाहीर पत्र लिहिलं. मे महिन्यात गूगलने डिजिटल वेलबीइंग जाहीर केलं आणि त्याच वर्षी ॲपलचं स्क्रीन टाइम आलं. तासांची बेरीज तिथे आंधळी असते. कॅनडातल्या नातवाशी व्हिडिओ कॉलवर घालवलेला तास आणि रील्समध्ये गेलेला तास तिथे सारखाच. म्हणून एकूण बेरीज सोडून द्यावी आणि खालची ॲपवार यादी बघावी. दिवसातून किती वेळा फोन उघडला, हा आकडा त्याहून बोलका. झोपेचं तर विचारूच नका. मनगटावर घड्याळ नसेल, तर फोन हातातून कधी सुटला यावरून तो झोपेचा अंदाज बांधतो. उशाशी मोबाईल टाकून छताकडे बघत पडलेला माणूस त्याच्या हिशेबी झोपलेलाच.

सर्वांत कमी वापरली जाणारी सोय या सगळ्यांत सर्वांत कामाची आहे. २००५ साली इंग्लंडमध्ये बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने एक साधी सूचना केली. आपल्या माणसाचा नंबर फोनमध्ये ‘आयसीई’ (‘इन केस ऑफ इमर्जन्सी’, म्हणजे आणीबाणीच्या वेळी) या नावाने साठवा, म्हणजे अपघातात कुणाला कळवायचं ते शोधावं लागणार नाही. त्या जुलैतल्या लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर ती जगभर पोचली. पुढे फोनला कुलूप आलं आणि ती युक्ती निकामी झाली, कारण आतला नंबर कुणाला दिसेना. म्हणून कुलूप न उघडता दिसणारी आपत्कालीन माहिती आली; आयफोनमध्ये २०१४च्या हेल्थबरोबर मेडिकल आयडी या नावाने, अँड्रॉइडमध्ये त्यानंतर. १०८ची गाडी आली तर लॉक स्क्रीनवर ‘इमर्जन्सी’ दाबून ती वाचता येते. तिथे रक्तगट, मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं, पेनिसिलिनसारख्या औषधाची ॲलर्जी आणि दोन नंबर लिहावेत. त्यांतला एक बडोद्यात राहणाऱ्याचा असावा. बऱ्याच घरांत दोन्ही नंबर परदेशातल्या मुलांचे असतात.